एकच सेटटॉप बॉक्स, दोन टीव्ही: वायर कुठली, डबी कुठली आणि रिमोटचं काय

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. पाथर्डी फाट्याला रो-हाउस, खाली हॉलमध्ये ५५ इंची फोरके टीव्ही आणि डीटीएचचा एचडी बॉक्स, वर सासूबाई-सासऱ्यांच्या खोलीत जुना ३२ इंची एलईडी, आणि एकाच बॉक्सवर दोन्ही चालवायचेत. दुकानदाराने एका बाजूला एक तोंड आणि दुसऱ्या बाजूला दोन तोंडं अशी एचडीएमआयची वाय वायर दिली. वरचा टीव्ही खाली आणून बघितला तर एक एक लावला की चित्र येतं, दोन्ही लावले की दोन्हीकडे नो सिग्नल. बॉक्स बदलू का, टीव्ही बदलू का, असं विचारलंय तुम्ही.

काहीच बदलू नका, दोन्ही चांगले आहेत, ती वायरच चुकीची आहे. केबलवाल्याची जुनी आरएफ वायर होती ना, ती नळाच्या पायपासारखी टी लावून कुठेही फोडता यायची, घराघरात लोकांनी तसंच केलेलं असायचं, थोड्या मुंग्या यायच्या चित्रात पण चालायचं. एचडीएमआयचं तसं नाही. त्यात बॉक्स आणि टीव्ही आधी एकमेकांशी बोलतात. टीव्ही सांगतो की मी अमुक रेझोल्युशन घेऊ शकतो, अमुक आवाज वाजवू शकतो, या माहितीला ईडीआयडी म्हणतात. मग एचडीसीपी नावाची कॉपी प्रोटेक्शनची किल्ली जुळते आणि मग चित्र सुरू होतं. वाय वायरीत दोन टीव्ही एकाच तारेवर, एकाच पत्त्यावरून, एकाच वेळी उत्तर देतात, बॉक्सला काही कळत नाही आणि तो गप्प बसतो. शिवाय सिग्नल दोघांत वाटला जाऊन कमजोर होतो ते वेगळंच. ती वायर परत करा, दुकानदार घेत नसेल तर सोडून द्या, तिच्यावर अजून वेळ घालवू नका.

आता खरं उत्तर. मी नाशकात टीव्ही, सीसीटीव्ही, प्रोजेक्टर असली फिटिंगची कामं करतो आणि हा प्रश्न आला की मी आधी एकच विचारतो: दोन्हीकडे एकच चॅनल दिसलेलं चालणार आहे का? कारण बॉक्स एक म्हणजे चॅनल एक. खाली मुलांनी कार्टून लावलं की वर आजीच्या सिरीयलच्या जागी कार्टून. लोक मान हलवतात, हो हो माहितीये म्हणतात आणि काम झाल्यावर आठवड्याभरात फोन येतो की वर वेगळं चॅनल लावता येईल का. नाही येणार. कितीही महाग स्प्लिटर, म्हणजे एक सिग्नल दोन टीव्हींना देणारी डबी, आणा, नाही येणार.

वेगळं बघायचं असेल तर दुसरा बॉक्स घ्या, मल्टी टीव्ही कनेक्शन म्हणून मिळतो. २०२० साली ट्रायने, म्हणजे टीव्ही-फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, नियम केला होता की दुसऱ्या टीव्हीची एनसीएफ, म्हणजे दर महिन्याची कनेक्शनची मूळ फी, पहिल्याच्या ४० टक्क्यांच्या वर घ्यायची नाही, पण २०२४ मध्ये एनसीएफवरची मर्यादाच उठवली, त्यामुळे आता प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, फोन करून विचारा. पैशाच्या चॅनलचे पैसे वेगळे लागतात ते पण विचारा. आणि डीटीएच असेल तर गच्चीवरच्या छत्रीच्या एलएनबीपासून, म्हणजे छत्रीसमोर दांडीवर असते त्या सिग्नल पकडणाऱ्या डबीपासून, दुसरी वायर वेगळी ओढावी लागते, दोन आउटवाली एलएनबी लागते, कारण बॉक्स त्याच वायरीतून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून एलएनबीला सांगत असतो की कुठलं पोलरायझेशन, म्हणजे उभ्या की आडव्या लहरी, हवंय, एका वायरीला दोन बॉक्स जोडले की दोघांची ओढाताण होते. कंपनीच्या माणसाला हे माहिती असतं, तो नीट करून देतो.

दुसरा मार्ग म्हणजे वरच्या टीव्हीच्या एचडीएमआयला इंटरनेटवर चालणारी स्टिक लावून अ‍ॅपवर बघणं. वायफाय वरपर्यंत चांगलं येत असेल तर वायर ओढायचा त्रासच नाही. पण अ‍ॅपवरचं लाइव्ह डिशपेक्षा मागे असतं. मॅच असली की खालून ओरडा ऐकू येतो आणि वर अजून बॉलर रनअपच घेतोय. सिरीयल बघणाऱ्यांना याने काही फरक पडत नाही, क्रिकेटवाल्या घरात मात्र यावरून भांडणं होतात.

तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी सगळे एकच बघतात, बातम्या आणि दोन सिरीयल, फक्त सासऱ्यांना गुडघ्यामुळे खाली येता येत नाही. मग एक बॉक्स दोन टीव्ही हे बरोबर आहे तुमच्यासाठी, पुढचं वाचा.

स्प्लिटर म्हणजे छोटी डबी, एक इन दोन आउट, आणि तिला स्वतःचा ५ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर असतो. दुकानात स्प्लिटर मागितला की कधी कधी स्विच हातात देतात, दिसायला सेम. स्विच उलटा असतो, दोन-तीन बॉक्स एका टीव्हीला जोडायचा. डबीवर इन किती आणि आउट किती लिहिलंय ते वाचा. बिना अ‍ॅडॅप्टरची डबी घेऊच नका. बॉक्सच्या एचडीएमआय पोर्टमधून ५ व्होल्टवर जेमतेम ५५ मिलीअँपची हमी असते, तेवढ्यावर दोन टीव्हीला सिग्नल ढकलणारी डबी एखाद्या दिवशी चालते एखाद्या दिवशी नाही.

फोरकेचा स्प्लिटर घ्यावा का? इथे लोक उगाच पैसे घालवतात. तुमचा एचडी डीटीएच बॉक्स जास्तीत जास्त १०८०आय देतो. खालचा टीव्ही फोरके असला तरी बॉक्समधून फोरके येतच नाहीये, टीव्ही ते ताणून दाखवतो. म्हणजे साधा १०८०पीचा स्प्लिटर पुरतो, हजाराच्या आतबाहेर एमजी रोडला मिळून जाईल. उद्या फोरके स्टिक किंवा गेमिंग कन्सोल त्याच डबीवर लावणार असाल तरच महागाचा विचार करा, आणि मग नुसतं फोरके लिहिलंय यावर जाऊ नका, फोरके ६० हर्ट्झ, १८ जीबीपीएस आणि एचडीसीपी २.२ हे तिन्ही लिहिलेलं बघा. स्वस्तातल्या डबीवर पण मोठ्या अक्षरात फोरके असतं, ते ३० हर्ट्झवालं, १०.२ जीबीपीएसचं. एचडीसीपी २.२ नसलेली डबी मध्ये आली की फोरके स्टिक निमूटपणे १०८०पीवर उतरते, काही एरर देत नाही, लोकांना कळत पण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे डबीच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. दोन टीव्हींमध्ये जो जुना असतो त्याचंच ऐकलं जातं. स्प्लिटर दोन्ही टीव्हींना विचारतो तुम्ही काय घेऊ शकता आणि जे दोघांना जमतं तेच बॉक्सकडून मागतो. तुमचा ३२ इंची बहुतेक एचडी रेडी आहे, पॅनल १३६६ बाय ७६८ चं. असले टीव्ही १०८०आय एचडीएमआयमधून घेतात आणि आतल्या आत लहान करून दाखवतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत अडचण कमी. तरी बॉक्सच्या सेटिंगमध्ये रेझोल्युशन ऑटोवर ठेवू नका, हाताने १०८०आय करून टाका. ऑटोवर असलं की वरचा टीव्ही चालू-बंद केला की बॉक्स परत बोलणी सुरू करतो, खाली दोन-तीन सेकंद काळा पडदा, कधी कधी रेझोल्युशन ७२०पीवर उतरून तिथेच बसतं आणि मग खालच्यांचं म्हणणं की चित्र धुरकट झालं. काही डब्यांना बाजूला बारीक बारीक डिप स्विच असतात, त्यावर आउट एकची ईडीआयडी कॉपी करायची की ठरावीक १०८०पी सांगायचं हे ठरवता येतं. असा स्प्लिटर मिळाला तर शंभर-दोनशे जास्त गेले तरी घ्या. मी स्वतः बिना स्विचवाला आता कोणाकडे लावत नाही.

आवाजाचं पण अगदी असंच, आणि हे फार कमी लोकांना सुचतं. बॉक्स डॉल्बी आउटवर ठेवलेला असेल तर नवा टीव्ही वाजवतो आणि जुन्या टीव्हीवर चित्र येतं आवाज नाही. मग लोक टीव्हीचे स्पीकर तपासत बसतात, रिपेअरवाल्याला बोलावतात. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन पीसीएम किंवा स्टीरिओ करा, दोन्हीकडे आवाज. खाली साउंडबार असेल तर तो टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीतून आवाज बाहेर देणाऱ्या, पोर्टलाच लावा, स्प्लिटरच्या आउटला नाही, एआरसी स्प्लिटरमधून मागे जात नाही. पीसीएम केल्यावर साउंडबारला पण दोनच चॅनल मिळणार हे मान्य करावं लागेल, डीटीएचवरच्या मालिकेत त्याने काही बिघडत नाही.

अजून एक गैरसमज, जवळपास प्रत्येक घरी ऐकतो. खालच्या टीव्हीला तीन एचडीएमआय आहेत, त्यातल्या एकातून वायर वर नेली तर? नाही. टीव्हीची तिन्ही पोर्टं इनची आहेत. त्यातून चित्र बाहेर येत नाही, एआरसीतून फक्त आवाज बाहेर येतो. म्हणूनच टीव्हीच्या आतलं यूट्यूब वर नेता येत नाही, स्प्लिटरमधून फक्त बॉक्समधलं जातं.

आता अंतर. तुमचं खरं काम इथे आहे, स्प्लिटर हा त्यातला सोपा भाग. खालून वर भिंतीतून, जिन्याच्या कडेने वायर न्यायची म्हणजे रो-हाउसमध्ये सहज पंधरा-वीस मीटर जातात, सरळ उंची चार मीटरच असली तरी. साध्या कॉपर एचडीएमआय वायरीचं १०८०ला दहा-बारा मीटरपर्यंत चांगल्या क्वालिटीची असेल तर जमतं, फोरके ६० ला पाच मीटरच्या पुढे भरवसा नको. वीस मीटरची स्वस्त वायर मिळते बाजारात, पण तिच्यावर मध्येच चमचम ठिपके येतात, पंखा बंद केला की चित्र जातं आणि परत येतं. त्यात एचडीएमआयचं तोंड जाड, पाऊण इंची कन्सील पायपातून जातच नाही, वाकणात अडकतं. बांधकाम चालू असलेल्यांनी किमान २५ एमएमचा पाइप टाकून ठेवा आणि वायर पायपातूनच न्या, प्लास्टरमध्ये पुरू नका. पुरलेली वायर मेली की भिंत फोडावी लागते.

म्हणून तुमच्यासाठी मी स्प्लिटर आणि लांब वायर असं सांगणारच नाहीये. एचडीएमआय एक्स्टेंडर घ्या, कॅट सिक्स म्हणजे इंटरनेटच्या वायरीवर चालणारा, ज्याच्या पाठवणाऱ्या डबीला लूप आउट आहे आणि ज्यात आयआर, म्हणजे वरून रिमोट चालवायची सोय, आहे. दोन डब्यांचा सेट येतो. एक डबी खाली बॉक्सपाशी, तिच्यात बॉक्सची एचडीएमआय जाते, लूप आउटमधून छोटी वायर खालच्या टीव्हीला, आणि कॅट सिक्स वर. वर दुसरी डबी, तिच्यातून छोटी एचडीएमआय वरच्या टीव्हीला. म्हणजे स्प्लिटरचं काम त्यातच झालं, वेगळी डबी नको. १०८०पीचे साधे सेट पन्नास-साठ मीटरपर्यंत लिहिलेले असतात, लिहिलेल्याच्या निम्मं धरा तरी तुमचं काम आरामात होतंय. कॅट सिक्स बारीक असते, पायपातून जाते, जॅक नंतर क्रिंप करता येतो.

त्यात तीन गोष्टी सांभाळा. वायर पूर्ण तांब्याची घ्या, सीसीए लिहिलेली नको, ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते आणि चित्र अडखळण्याच्या निम्म्या तक्रारी तिच्यामुळे असतात. दोन्ही टोकांना कलर कोड सेम, ५६८बी, वायफायवाल्या मुलाला सांगितलं की कळतं त्याला. आणि ही वायर राउटरला किंवा नेटवर्क स्विचला जोडायची नाही, डबी ते डबी सरळ. दिसायला इंटरनेटची वायर असल्यामुळे कोणीतरी नंतर राउटरमध्ये खुपसतं, म्हणून मी दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर टीव्ही असं लिहून ठेवतो. लाइटच्या वायरींच्या पायपातून तिला नेऊ नका, थोडा वेगळा मार्ग काढा.

वायरलेस एचडीएमआय पण मिळतं. एका खोलीत, समोरासमोर असेल तर ठीक. स्लॅबमधून वर नेण्यासाठी मी सुचवणार नाही, आणि जुन्या नाशकात वाड्यांच्या हातभर जाड भिंती आहेत तिथे तर विषयच सोडा.

सगळ्यात स्वस्त जुगाड पण सांगून ठेवतो. तुमच्या बॉक्सच्या मागे पिवळी-पांढरी-लाल अशी एव्ही आउट असेल, किंवा हेडफोनसारखं एव्हीचं भोक असेल, तर बऱ्याच बॉक्समध्ये एचडीएमआय आणि एव्ही दोन्ही एकाच वेळी चालू असतात. एव्हीची वायर वरच्या टीव्हीला नेली की स्प्लिटर नको, ईडीआयडी नको, काहीच नको. चित्र एसडीचं, थोडं मऊ दिसतं, पण ३२ इंचीवर आठ फुटांवरून बातम्या बघायला कोणाची तक्रार नसते. आधी वरचा टीव्ही खाली आणलाच आहे तर तिथेच लावून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, सासऱ्यांना चालतंय म्हणाले तर बाकी सगळा खर्च वाचला. लांब नेताना बारीक तयार एव्ही वायर जोडत बसू नका, चांगली शील्डेड कोॲक्स घ्या.

रिमोट. हे लोक शेवटी विचारतात, खरं तर आधी विचारायला पाहिजे. बॉक्स खाली, रिमोटचा प्रकाश भिंतीतून जात नाही. एक्स्टेंडरच्या सेटमध्ये आयआरच्या दोन बारीक वायरी येतात, एक डोळा आणि एक दिवा. डोळा वरच्या टीव्हीखाली चिकटवायचा, दिवा खाली बॉक्सच्या डोळ्यासमोर. दोन्ही दिसायला सारखेच असतात, अदलाबदल झाली की रिमोट चालत नाही आणि माणूस डबीला दोष देतो, पिनपाशी टीएक्स-आरएक्स लिहिलेलं असतं ते वाचा. दिवा बॉक्सच्या नेमक्या डोळ्यावर बसायला पाहिजे, बॉक्सच्या काळ्या काचेमागे तो कुठे आहे ते टॉर्च मारून दिसतं. एव्ही वायरचा मार्ग घेतला तर आयआर रिपीटर वेगळा घ्यावा लागेल. काही नव्या बॉक्सचे रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांना हे सगळं लागू नाही, ते एक स्लॅब ओलांडतात कधी, कधी नाही, चालवूनच बघा. आणि दुसरा रिमोट विकत घ्या हो, एकच रिमोट घेऊन जिन्यात वर-खाली करणारी घरं बघितलीत मी.

लाइटचं आणि विजेचं. जोडताना दोन्ही टीव्ही, बॉक्स, डबी सगळं मेन स्विचने बंद करा, रिमोटने नाही. दोन पिनवाल्या टीव्हीच्या मागच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात बघा, ती गळती एचडीएमआय चालू असताना खोचली की पोर्टातून जाते आणि पोर्ट मरतं. वरचा आणि खालचा मजला वेगवेगळ्या फेजवर असेल आणि अर्थिंग धड नसेल तर जास्तच. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, नव्या रो-हाउसमध्येसुद्धा प्लगला अर्थिंग नुसतं दाखवायला असतं.

आणि आपल्याकडे मे-जूनमध्ये दुपारनंतर गडगडाट सुरू होतो तेव्हा छत्रीची कोॲक्स बॉक्समधून काढून ठेवा, फक्त प्लग काढून भागत नाही. गच्चीवर छत्री, तिची वायर बॉक्सला, बॉक्स डबीला, डबी दोन्ही टीव्हींना. आजूबाजूला वीज पडली तर आधी एकच टीव्ही जायचा, आता दोन्ही एका माळेत आलेत.

इन्व्हर्टर असेल तर बॉक्स, खालची डबी आणि वरची डबी तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. खालची डबी मेनवर राहिली आणि लाइट गेली की वर टीव्ही चालू पण नो सिग्नल.

इथेच मिसळीच्या हॉटेलवाल्या एका दादांनी विचारलं होतं की मॅचसाठी चार टीव्ही एका बॉक्सवर करायचेत. त्यांना एवढंच, एकाला चारवाला स्प्लिटर घ्या, एकाला दोनवाले एकामागे एक लावू नका, प्रत्येक डबीला किल्ली जुळवायला वेळ लागतो आणि चॅनल बदलताना काळा पडदा वाढत जातो. चार टीव्ही एकाच मॉडेलचे घ्या, नाहीतर प्रत्येकाचा आवाज थोडा मागे-पुढे होऊन हॉटेलात घुमल्यासारखं ऐकू येतं, तीन म्यूट करून एकच वाजवलेलं बरं. आणि धंद्याच्या जागेला घरगुती कनेक्शन चालत नाही, कमर्शियल घ्यावं लागतं. सीसीटीव्हीवाल्यांचं अजून सोपं, बहुतेक डीव्हीआरला एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही आउट एकाच वेळी चालतात, दुसऱ्या स्क्रीनला व्हीजीए लावा, डबीच नको. पंचवटीतल्या लॉजवाल्यांना २०२७ च्या सिंहस्थासाठी खोली-खोलीत टीव्ही करायचे असतील तर हे स्प्लिटरचं प्रकरण तिथे नेऊ नका, दहा-वीस खोल्यांची सिस्टिम पूर्ण वेगळी असते.

ताई, तुम्ही आता असं करा. आधी एव्ही आउट तपासा. नसेल किंवा चित्र पसंत पडलं नाही तर लूप आउट आणि आयआरवाला कॅट सिक्स एक्स्टेंडर आणा. वायर भिंतीतून ओढायच्या आधी दोन्ही टीव्ही खालीच ठेवून, कॅट सिक्सचं अख्खं बंडल तसंच जोडून, दोन तास चालवून बघा. मध्ये चॅनल बदला, एक टीव्ही बंद करून चालू करा, रिमोट वरच्या डोळ्यातून मारून बघा. तिथे अडखळलं तर दुकानदाराकडून बदलून घेता येतं, म्हणून पक्कं बिल घ्या. सगळं चाललं की मगच वायरमनला बोलवा, आणि वरच्या टीव्हीमागे वायरीचा हातभर जास्तीचा वेटोळा ठेवायला सांगा, पुढेमागे टीव्ही दुसऱ्या भिंतीला न्यायचा झाला तर लागतो.